बाटलीतल्या फांदीचे वय

परभणी शहरातल्या कोणत्याही गल्लीत शिरावे, चार-पाच घरांमागे एका खिडकीत पाण्याची बाटली आणि तिच्यातून बाहेर आलेली हिरव्या-पिवळ्या पानांची वेल दिसतेच. मनीप्लांट. ही वेल सहसा कुणी विकत आणलेली नसते. शेजारणीकडून, बहिणीकडून, बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याच्या कुंडीतून, अशी ती आलेली असते. क्वचित चोरूनही. (चोरून आणलेला मनीप्लांट जास्त वाढतो असा एक समज आहे. त्याची परीक्षा आम्ही केलेली नाही. पण या समजामुळे वेलीचा प्रसार मात्र चांगलाच झाला असावा.)

काही वर्षांपूर्वी शाकीय पुनरुत्पादनाचा पाठ शिकवताना आम्ही अशीच एक बाटली वर्गात टेबलावर ठेवली होती. बटाटा, गुलाब, पानफुटी ही नेहमीची उदाहरणे झाली. फळ्यावर आकृती झाली. आता गृहपाठ सांगायचा एवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, या फांदीचं वय किती?"

फांदी तोडून आठ दिवस झाले होते. जिच्यावरून तोडली ती वेल तीन वर्षांची होती. पण ती वेलदेखील कुणाच्या तरी वेलीची फांदीच होती, आणि ती कुणाची तरी. "पुढच्या तासाला सांगतो," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. हा पुढचा तास यायला बरेच दिवस लागले. कारण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता: तोडलेली फांदी मरत का नाही? तिला मूळ फुटावे हे तिला कोण सांगते?

फांदी लावून झाड करण्याची कला फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा झाडांची त्यात यादी असून, यांची खोडे शेणाने लिंपून लावावीत असे सांगितले आहे. यादी चाळताना लक्षात येते की लिहिणाऱ्याने हे काम पाहिलेले आहे. डाळिंब आणि द्राक्ष आजही आपण छाटापासूनच लावतो. मात्र शेण का लावायचे याचे कारण तेथे नाही. शेणातले संप्रेरक प्राचीनांना ठाऊक होते असे आजकाल कुणी कुणी सांगतात. आम्हांला ते पटत नाही. अनुभव त्यांच्याकडे होता, कारण नव्हते. आणि कारणावाचून अनुभव तेराशे वर्षे टिकतो, हेच मुळात कौतुकाचे आहे.

पुढे आपल्या भाषेत 'कलम' हा शब्द आला. अरबीत कलम म्हणजे बोरूची लेखणी. फांदी तिरपी कापली की तिचे टोक बोरूच्या टोकासारखे दिसते. निजामी अमलात मराठवाड्याच्या कचेऱ्यांतून चालणारे कलम आणि बागेतले कलम एकच आहे हे मुलांना सांगितले की ती हमखास हसतात. पोर्तुगीज काळात गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची कला बहरली, हापूस त्यातलाच. पण हे सगळे बागवानांचे ज्ञान होते. फांदीला मूळ का फुटते हा प्रश्न प्रयोगशाळेत जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८७८ मध्ये हेर्मान फॉख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने विलोच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगून ठेवले. काही सुलटे, काही उलटे. उलट्या टांगलेल्या तुकड्यांनाही मुळे फुटली ती त्यांच्या मूळच्या बुडाकडेच, म्हणजे आता वर असलेल्या टोकाला. खाली-वर म्हणजे काय हे तुकड्याला आधीपासूनच ठाऊक असते! आमच्या वर्गात पाथरी-गंगाखेडकडच्या ऊसवाल्या घरांतली मुले होती. त्यांना यात नवल वाटले नाही. उसाच्या बेण्याच्या टिपरीवर डोळा कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच ती लावायची असते, हे त्यांना पाचवीपासून माहीत असते.

१८८० च्या सुमारास युलियस साक्स याने एक धाडसी कल्पना मांडली. पानांमध्ये मूळ घडवणारा एखादा पदार्थ तयार होत असावा आणि तो खोडातून खाली उतरत असावा. फांदी तोडली की त्याची वाट तुटते, तो कापल्या जागी साठतो आणि तेथे मुळे येतात. पदार्थ कुणी पाहिलेला नव्हता. त्याच वर्षी डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांचे वनस्पतींच्या हालचालींवरचे पुस्तक निघाले. गवताच्या कोवळ्या अंकुराचे टोक उजेड ओळखते आणि काहीतरी प्रभाव खाली पाठवते, असे त्यात दाखवले होते. टोकाकडून खाली जाणारे हे 'काहीतरी' आणि साक्सचा पदार्थ यांचा संबंध जुळायला पुढे पन्नास वर्षे गेली.

जुळवणी करणाऱ्यांत फ्रिट्स वेंट हा हॉलंडचा तरुण पुढे होता. १९२६ मध्ये त्याची लष्करी सेवा चालू होती. दिवसा ती, आणि रात्री उट्रेख्टच्या प्रयोगशाळेत ओटचे अंकुर. अंकुरांची टोके कापून त्याने अगारच्या चकतीवर ठेवली. काही वेळाने टोके उचलून फेकली आणि नुसत्या अगारचा तुकडा टोक कापलेल्या अंकुराच्या एका कडेला ठेवला. अंकुर वाकला. म्हणजे प्रभाव हा एक पदार्थच होता, आणि तो अगारमध्ये उतरला होता. त्यालाच पुढे ऑक्सिन नाव पडले.

यानंतर वेंट जावा बेटावर, आजच्या बोगोर येथील वनस्पती उद्यानात गेला. तेथे त्याने फांद्यांच्या मुळांचा प्रश्न हाती घेतला तो अकॅलिफावर. होय, तीच तांबूस पानांची अकॅलिफा, जी आपल्याकडे शाळांच्या आणि सरकारी बंगल्यांच्या कुंपणाला लावलेली असते. अकॅलिफाच्या पानांतून काढलेला अर्क फांदीला दिला की मुळे वाढतात असे त्याला १९२९ मध्ये आढळले. त्याआधी १९२५ मध्ये हॉलंडमध्येच व्हॅन देर लेक याने दाखवले होते की छाटावर फुटणारा डोळा असेल तर त्याच्या खाली मुळे जोमाने येतात, डोळे काढून टाकले की मुळे रोडावतात. साक्सचा पदार्थ खरोखरच वरून खाली येत होता.

पण तो पदार्थ होता तरी कोणता? येथे गोष्टीला एक विचित्र वळण आहे. उट्रेख्टचे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्स कोगल यांनी ऑक्सिन शोधले ते मानवी मूत्रात. आधी त्यांनी 'ऑक्सिन-ए' आणि 'ऑक्सिन-बी' असे दोन पदार्थ मिळाल्याचे जाहीर केले. १९३४ मध्ये त्यांच्या गटाला तिसरा मिळाला, इंडोल ॲसेटिक आम्ल. हा तिसराच खरा निघाला. पहिले दोन पुढे जगात कुणालाच सापडले नाहीत. १९६६ मध्ये जपून ठेवलेले जुने नमुने तपासले गेले तेव्हा त्यांत भलतेच पदार्थ निघाले. दरम्यानची कित्येक वर्षे ही दोन नावे पाठ्यपुस्तकांत छापली जात होती आणि मुले ती पाठ करत होती. आपण शिक्षकांनी ही हकीकत वर्गात सांगायला हरकत नसावी.

इंडोल ॲसेटिक आम्लाने मुळे फुटतात हे लवकरच सिद्ध झाले. ते मात्र उजेडात आणि वनस्पतीच्या विकरांमुळे लवकर नासते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्सन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी त्याचा भाऊ शोभेल असे इंडोल ब्युटिरिक आम्ल वापरून पाहिले. ते जास्त टिकते. आज कृषी सेवा केंद्रात मुळे फुटण्यासाठी जी पांढरी पूड मिळते तिच्यात बहुधा हेच असते.

मनीप्लांटला यातले काहीच लागत नाही. त्याच्या प्रत्येक पेरावर मुळाची तपकिरी गाठ आधीच तयार असते, पाणी लागायचा अवकाश. म्हणून पेर पाण्यात बुडाले पाहिजे. नुसते देठासकट पान ठेवले तर ते महिनोन् महिने हिरवे राहते, कधी मुळेही धरते, पण वेल होत नाही. डोळा पेरावर असतो, पानावर नाही. पानफुटीचे नेमके उलटे. तिच्या पानाच्या कडेच्या खाचांतच डोळे दडलेले असतात. मूळची मादागास्करची ही वनस्पती १७९९ मध्ये मोलुक्का बेटांवरून लेडी क्लाइव्ह यांच्यामार्फत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आल्याची नोंद रॉक्सबर्ग यांनी केली आहे. जर्मन कवी गटे तर तिच्या पानांवरची पिले मित्रमंडळींना वाटत असे. म्हणजे रोपे वाटण्याचा हा उद्योग आपल्या शेजारणींनीच काढलेला नाही.

येथे आमची एक फजिती सांगितली पाहिजे. मुलांना दाखवायला म्हणून आम्ही एका मे महिन्यात दहा बाटल्या गच्चीला लागून असलेल्या खिडकीत मांडल्या. परभणीचा मे म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर. आठवड्यात नऊ फांद्या कुजल्या. आम्ही पाण्याला दोष दिला. बोअरचे जड पाणी, बाटलीवर पांढरी कडी धरणारे. पण तेच पाणी वापरून न्हाणीघराजवळच्या काळोख्या कोनाड्यात ठेवलेली दहावी फांदी तरारली होती. मग ध्यानात आले. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ४० अंशांना साडेसहाच्या आसपास. त्यात उष्णतेने फांदीचे श्वसन वाढते आणि जंतूही वाढतात. मुळाला पाणी हवे तसा श्वासही हवा. गावाकडच्या बायका मृगाचा पाऊस पडल्याशिवाय मोगऱ्याची, जास्वंदीची फांदी लावत नाहीत. त्यांना हे सांगायला आम्ही गेलो असतो तर त्या हसल्या असत्या.

फांदीचा तुकडा किती लहान चालेल? १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींच्या गोळ्यावर दाखवले की ऑक्सिन जास्त आणि कायनेटिन कमी दिले तर मुळे येतात, उलट प्रमाण ठेवले तर कोंब. दोहोंचे गुणोत्तरच ठरवते. यातून ऊतिसंवर्धनाचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्कारेन्हस, रजनी नाडगौडा यांच्या गटाने हे काम उचलले. १९७८ मध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाने हळदीची रोपे झपाट्याने वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हळद ही बियांवर नव्हे, कंदावर जगणारी. वसमतची हळद ज्यांनी पाहिली आहे (वसमत १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते) त्यांना बेण्यासाठी किती कंद राखून ठेवावे लागतात हे सांगायला नको.

याच गटाने १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणखी नवलाची बातमी दिली. कित्येक दशकांतून एकदाच फुलणारा बांबू त्यांच्या परीक्षानळीत काही महिन्यांत फुलला होता, आणि त्याला बीही धरले होते.

बी धरणे ही गोष्ट का महत्त्वाची, ते केळीच्या बागेत कळते. नांदेड-परभणीच्या पट्ट्यातली बसराई काय, ग्रँड नैन काय, सगळ्या कॅव्हेंडिश गटातल्या. मुनव्यापासून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या, बियांवाचून. बागेतले प्रत्येक झाड शेजारच्याची हुबेहूब नक्कल. त्यामुळे फणी एकसारखी, तोडणी एकदम, भावही बरा. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात विकली जाणारी केळी वेगळ्या जातीची होती. ग्रो मिशेल तिचे नाव. पनामा मर रोगाच्या बुरशीने तिचे मळे उठवले. एक झाड ज्या रोगाला बळी पडते त्याला सगळीच पडतात, कारण ती सगळी एकच झाड आहेत. कॅव्हेंडिश तेव्हा वाचली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार तिच्याही मागे लागला आहे आणि तो भारतात पोचला आहे. येथे प्रश्न बाटलीतल्या शोभेचा राहत नाही, बँकेचे कर्ज काढून लावलेल्या एकरांचा होतो.

आता त्या मुलीचे उत्तर. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या ताहितीजवळच्या मोओरेआ बेटाचा. १८८० मध्ये लिंडेन आणि आंद्रे यांनी युरोपात आलेल्या रोपावरून त्याचे वर्णन केले. ते सॉलोमन बेटांवरचे आहे असे त्यांना वाटले होते. फूल नसल्याने त्याचे कूळ ठरेना. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत त्याला फूल आले आणि मग नावे बदलत बदलत १९६४ मध्ये ते एपिप्रेम्नम ऑरियम झाले. त्यानंतर लागवडीतला मनीप्लांट आपणहून फुलल्याची नोंद नाही. २०१६ मध्ये कारण सापडले. गिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतले एक जनुक त्याच्यात नीट काम करत नाही. संशोधकांनी बाहेरून गिबरेलिन फवारले तेव्हा वेलीला फुले आली.

म्हणजे फांद्या तोडून वाटणाऱ्या हातांवाचून ही वेल आमच्या खिडकीपर्यंत आलीच नसती. तिच्या बाजूने पाहिले तर गेली एकशे चाळीसहून अधिक वर्षे ती म्हातारीही झालेली नाही आणि तिला मूलही झालेले नाही. निदान तेवढे तरी या फांदीचे वय धरावे लागेल, असे आम्ही वर्गात सांगितले. त्याआधीची बेटावरची वर्षे वेगळी.

मुलगी थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे माझ्या आजीच्या घरची आणि ही, एकच आहे?" आम्ही म्हटले, बहुधा होय. तिने दोन पेरांची एक फांदी मागून घेतली, ओल्या रुमालात गुंडाळली, आणि पेर पाण्यात बुडवायचे की पान, हे पुन्हा एकदा विचारून घेतले.