खिशात रोज बटणाचा चाकू ठेवावा का? फायदे, तोटे आणि कायदा काय सांगतो

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर 'ईडीसी' असं शोधलं की एकाच धाटणीचे व्हिडिओ रांगेने समोर येतात. टेबलावर पाकीट, घड्याळ, छोटी टॉर्च, पेन आणि शेजारी एक चाकू. मग अंगठा बटणावर पडतो, 'खट्' असा आवाज होतो आणि पातं झपकन बाहेर येतं. ईडीसी म्हणजे 'एव्हरीडे कॅरी', रोज सोबत बाळगायच्या वस्तू. यातले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात, पण ते पाहून तसाच चाकू मागवणारी तरुण मुलं आपल्याकडेही आहेत. "नऊ इंचांपेक्षा लहान असेल तर काही प्रॉब्लेम नाही," हा त्यांचा आधार असतो.

हा आधार अर्धवट आहे. पण कायद्याकडे जाण्याआधी हा चाकू नेमका काय आहे आणि त्याच्या बटणाने खरंच काय मिळतं, हे पाहायला हवं.

खटक्यामागे काय असतं?

साध्या घडीच्या चाकूचं पातं आपण नखाने किंवा अंगठ्याने ओढून उघडतो. 'असिस्टेड' चाकूत सुरुवात आपल्याला करावी लागते, पातं थोडं सरकलं की पुढचं काम स्प्रिंग करते. ऑटोमॅटिक चाकूत मात्र पात्याला हात लावावाच लागत नाही. मुठीवरचं बटण दाबलं की पातं अडवून धरणारा खटका सुटतो आणि स्प्रिंग ते बाहेर फेकते. दिसायला हा फरक किरकोळ आहे, पण अनेक देशांच्या कायद्यांनी नेमकी याच ठिकाणी रेघ ओढली आहे.

ऑटोमॅटिकमध्येही दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पातं बाजूने, दार उघडावं तसं फिरतं. दुसऱ्यात ते मुठीच्या तोंडातून सरळ पुढे येतं. याला 'ओटीएफ' म्हणतात आणि रील्समध्ये जास्त दिसतो तो हाच. त्यातल्या 'डबल ॲक्शन' प्रकाराची रचना गमतीची आहे. चाकू बंद असताना त्याची स्प्रिंग ताणलेली नसते. मुठीवरची पट्टी अंगठ्याने सरकवताना आधी स्प्रिंग ताणली जाते, मग खटका सुटतो. म्हणूनच ती पट्टी हाताला जड लागते. पातं वाटेत कशाला अडलं तर ते अर्ध्यावरच थांबतं आणि हाताने ओढून पुन्हा जागेवर बसवावं लागतं. सिनेमात चाकूचं तोंड समोरच्याच्या अंगाला टेकवून बटण दाबतात, तसं या चाकूने सहसा होत नाही.

एका हाताचा फायदा, तो कुणाला?

ऑटोमॅटिक चाकूचा खरा आणि नाकारता न येणारा फायदा एकच आहे: तो एका हाताने उघडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांना 'एम २' नावाचा बटणाचा चाकू दिला जात असे. पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकून लटकलेल्या माणसाचा एक हात बहुतेक वेळा गुंतलेला असतो, उरलेल्या हाताने दोरी कापायची असते. शिडीवर किंवा झाडावर चढलेला कामगार, हलत्या होडीवर दोर धरून उभा असलेला माणूस यांचीही अडचण तीच. ज्याला एकच हात आहे त्याच्यासाठी तर ही सोय चैनीची नाहीच. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्यात अशा व्यक्तीला ३ इंचांपर्यंत पात्याचा बटणाचा चाकू बाळगण्यासाठी सूट ठेवली आहे.

आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. लॉक असलेले अनेक घडीचे चाकू बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येतं, आणि कितीतरी जणांची बोटं तिथेच कापतात. डबल ॲक्शन ओटीएफमध्ये पातं मागे ओढून घेण्याचं कामही स्प्रिंगच करते, त्यामुळे हा धोका उरत नाही.

पण हे सगळं वाचणाऱ्या माणसाच्या खिशातला चाकू दिवसभरात करतो काय? पार्सलची टेप कापतो, सुतळी तोडतो, प्रवासात सफरचंद चिरतो. या कामांत दोन्ही हात मोकळे असतात आणि बटणाने वाचतो तो फार तर अर्धा सेकंद. तेवढी घाई असलीच तर अंगठ्यासाठी गोल भोक किंवा छोटी खुंटी असलेला साधा चाकूही एका हाताने उघडतो, आणि त्यात बिघडायला स्प्रिंग नसते.

बिघाड ही यातली दुसरी बाजू. स्प्रिंग, खटका, पट्टी असे भाग वाढले की नादुरुस्तीच्या जागाही वाढतात. खिशातला कापसाचा भुसा, वाळू, फळाचा चिकट रस ओटीएफच्या पोकळ मुठीत जाऊन बसतो आणि पातं पूर्ण बाहेर न येता अडकतं. साधा चाकू नळाखाली धुऊन, पुसून, तेलाचा थेंब सोडला की झालं. इथे मूठ खोलावी लागते, आणि काही कंपन्यांचे स्क्रू नेहमीच्या पान्याने खुलतही नाहीत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी दमट हवेत आतल्या भागांना गंज चढला तर तो बाहेरून कळतही नाही. ओटीएफचं पातं उघड्या अवस्थेत थोडं हलतं, हा दोष नाही, रचनेचाच भाग आहे, पण जोर लावून कापायच्या कामाला ते सोयीचं नाही. स्वस्त नकलांमध्ये तर खटका इतका ढिला असतो की खिशातल्या किल्ल्यांचा दाब पडला तरी पातं उघडू शकतं. ते मांडीजवळ उघडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

बटणावरच राग का?

कायद्याने याच चाकूला वेगळं का काढलं, याचं उत्तर १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत सापडतं. महायुद्धानंतर इटलीतून परतलेल्या सैनिकांनी तिथले निमुळत्या पात्याचे बटणाचे चाकू सोबत आणले, मग त्यांची आयात वाढली. त्याच सुमारास शहरांतल्या पोरांच्या टोळ्यांची भीती वर्तमानपत्रांत गाजत होती. 'रेबेल विदाउट अ कॉज' (१९५५) सारख्या सिनेमांनी बटणाचा चाकू आणि बिघडलेला तरुण ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की केली. '१२ अँग्री मेन' (१९५७) या सिनेमातला पुरावाही असाच चाकू आहे. १९५८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली, पुढच्याच वर्षी ब्रिटनने त्यांचं उत्पादन आणि विक्री थांबवली.

टीकाकारांचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: स्वयंपाकघरातली सुरी याहून लांब असते आणि तिला बटण लागत नाही. हा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे. मात्र बटणाच्या चाकूची दुसरी ताकद नजरेआड करता येत नाही. लपवलेली वस्तू क्षणात हत्यार होते, आणि तो 'खट्' आवाज समोरच्याला घाबरवण्यासाठीही वापरला जातो. पोलिसाच्या डोळ्यांसमोर हेच चित्र असतं.

आज देशोदेशी चित्र वेगवेगळं आहे. अमेरिकेत अनेक राज्यांनी बंदी उठवली आहे, मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर ऑगस्ट २०२४ मध्ये तिथली बंदी घटनाबाह्य ठरवली. पण त्याच देशात कॅलिफोर्नियात २ इंच किंवा त्याहून लांब पात्याचा असा चाकू अंगावर बाळगता येत नाही. कॅनडात तो प्रतिबंधित हत्यारांत मोडतो. जर्मनीत साडेआठ सेंटीमीटरपर्यंतचे काही बटणाचे चाकू चालत असत, पण झोलिंगेनमधल्या ऑगस्ट २०२४ च्या चाकूहल्ल्यानंतर त्याच वर्षी नियम कडक झाले आणि थोडे अपवाद सोडून तेही बंद झाले. म्हणजे टेक्सासमधल्या माणसाचा व्हिडिओ पाहून म्युनिकमधल्या मराठी विद्यार्थ्याने खरेदी केली, तर तो सरळ गुन्ह्यात अडकू शकतो.

नऊ इंचांचा हिशेब आणि तो कुठे चुकतो

आता भारत. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. नऊ इंचांचा समज इथूनच आला. त्यातून "याहून लहान सगळं चालतं" असा निष्कर्ष काढला जातो, आणि घोळ तिथेच होतो.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ नुसार ठरावीक भागासाठी अधिसूचना काढून इतर हत्यारांनाही परवान्याची अट घालता येते. दिल्लीचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या प्रशासनाच्या २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, 'गरारीदार' आणि 'बटनदार' चाकू नावानिशी आले आहेत, आणि पात्याचं माप आहे ७.६२ सेंटीमीटर लांबी व १.७२ सेंटीमीटर रुंदी. म्हणजे नऊ नव्हे, तीनच इंच.

गरारीदार, बटनदार ही सगळी रामपुरीच्या घराण्यातली नावं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत नेला. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमार आणि चाकूचा तो प्रसंग आजही मीम म्हणून फिरतो. पुढे उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर निर्बंध आणले आणि कारागिरांचा धंदा आटला. २०२३ मध्ये रामपुरात सुमारे २० फुटी चाकूचा पुतळा एका चौकात उभा राहिला, पण कारागिरांच्या दुकानांची जुनी गर्दी काही परतली नाही.

महाराष्ट्रात याच्या जोडीला आणखी एक कायदा आहे. गुन्ह्याच्या बातमीत "महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१) सह १३५" असं वाक्य नेहमी येतं. कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढतात. सण, निवडणूक, मोर्चे, आंदोलनं अशा निमित्तांनी मोठ्या शहरांत ते वारंवार निघतात. त्यात तलवारी, भाले, लाठ्या यांच्यासोबत 'चाकू' हा शब्द स्पष्ट असतो, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात बसते. इथे पात्याची लांबी मोजायचा प्रश्नच येत नाही. हा आदेश आपल्या भागात आज लागू आहे की नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला क्वचितच माहीत असतं. गोव्यात हा राज्य कायदा नाही, पण शस्त्र कायदा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे, म्हणजे पूर्वीच्या कलम १४४ चे आदेश तिथेही निघतात.

ऑनलाइन साइटवर वस्तू मिळते म्हणजे ती बाळगणं कायदेशीर आहे, हाही एक गैरसमज. २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले होते. 'शोभेची वस्तू' किंवा 'खेळणं' असं पाकिटावर लिहिलं असलं, तरी आत धारदार पातं निघालं की ते लेबल फारसं वाचवत नाही.

"पण स्वसंरक्षणासाठी?"

चाकू बाळगणाऱ्या तरुणांचं, आणि मुलीच्या पर्समध्ये काहीतरी असावं असं वाटणाऱ्या पालकांचं हे सगळ्यात मोठं कारण. भीती खोटी नसते, उपाय मात्र चुकतो. चाकू वापरायचा तर हल्लेखोराच्या हाताच्या अंतरात जावं लागतं. झटापटीत तो हिसकावला जाऊ शकतो, आणि सराव नसलेल्या माणसाची पकड घसरून स्वतःचाच हात कापतो. वाद शिवीगाळीवर थांबला असता तिथे एकाने चाकू काढला की दुसराही मागे हटत नाही.

मग कोर्ट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याची मुभा त्यात आहे. धारदार हत्याराने केलेली दुखापत कलम ११८ मध्ये येते. दुखापत गंभीर असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी तर निव्वळ गुन्हा दाखल होणं हीच मोठी गोष्ट आहे. पासपोर्ट, पोलीस पडताळणी, सरकारी नोकरीचा अर्ज, सगळीकडे त्याचा उल्लेख करावा लागतो. मोठ्या आवाजाची शिट्टी किंवा अलार्म, फोनमधली ११२ ची सोय आणि पळून जायला मोकळी वाट, यांतलं काहीही रीलमध्ये शोभून दिसत नाही, पण उपयोगी तेच जास्त पडतं.

मग खिशात काय ठेवायचं?

पार्सलसाठी स्टेशनरीच्या दुकानातला छोटा कटर पुरतो, आणि तोही कामाच्या जागी ठेवलेला बरा. ट्रेकला, शेतावर किंवा दुरुस्तीच्या कामाला जाणाऱ्याने छोट्या पात्याचा, बटण नसलेला घडीचा चाकू किंवा मल्टीटूल सॅकमध्ये बाकीच्या सामानासोबत ठेवावं. वस्तू कशासाठी जवळ आहे हे अशा वेळी सामानच सांगतं. रात्री अकराला बारबाहेर पँटच्या खिशात सापडलेल्या चाकूला असं स्पष्टीकरण मिळत नाही. गाडीत ठेवायचं तर सीटबेल्ट कापायचा हूकसारखा कटर घ्यावा. त्याचं पातं खाचेत असल्यामुळे घाईत माणसाला लागत नाही, आणि पट्टा तो चाकूपेक्षा सहज कापतो.

विमानप्रवासात चाकू हँडबॅगेत सहसा चालत नाही, साधा घडीचा असेल तर तो चेक-इन सामानात टाकतात. बटणाचा चाकू मात्र ब्रिटनला जाताना चेक-इन बॅगेतही नको. २०२१ पासून तिथे तो घराच्या कपाटात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे.