मामा तलावांतील पाणवनस्पती-लागवड

मामा तलावांतील पाणवनस्पती-लागवड : भंडारा जिल्ह्यातील आणि १९९९ पर्यंत त्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील जुन्या गावतलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे व त्यांच्या आधाराने स्थानिक मासे, पाणपक्षी आणि ढिवर समाजाची उपजीविका सावरण्याचे काम. ‘मामा’ हे ‘माजी मालगुजारी’चे सरकारदरबारी रुळलेले लघुरूप. बाग म्हटले की जमिनीवरचे वाफे डोळ्यांपुढे येतात. ही बाग पाण्याखाली आहे. तिच्यात निंदण होते, रोवणी होते, राखण होते. पीक येते ते मरळीचे, शिंगाड्याचे, कमळकाकडीचे आणि पाखरांचे.

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पीक धानाचे, म्हणजे पाण्यात उभे राहणारे. पावसाने ऐन लोंबी भरायच्या वेळी पाठ फिरवली तर चार महिन्यांची मेहनत वाया जाते. या अडचणीवरचा जुना तोडगा म्हणजे तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत, एकट्या भंडारा जिल्ह्यात हजाराच्या वर. शिवाय शेतकऱ्यांच्या खासगी बोड्या (लहान तळी) वेगळ्याच.

हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. कोहळ्यांना गोंड राजाने काशीहून आणले, अशी परंपरा सांगितली जाते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात ती नोंदलेली आहे. तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे, अशी या समाजाची ख्याती. आज गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध हा त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा नमुना. तो बांधणारा कोलू पाटील पुढे लोकांच्या मनात देवपदाला पोचला. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातला शिवनीबांध याच परंपरेतला. कोहळ्यांकडे मोजणीची यंत्रे नव्हती. पावसाचे पाणी कुठून कसे उतरते ते पाहून त्यांनी पाळी म्हणजे मातीचे बांध घातले. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्याही खालच्या बोडीत अशी माळ ओवली. पाणी सोडायला ‘तुडुम’ असे. पातळी उतरेल तसतसे वरून खाली एकेक भोक उघडायचे, म्हणजे पाणी बांध्यांमध्ये बेताने जाते आणि तळाशी माशांपुरते शिल्लक राहते.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपवणारा कायदा १९५० साली झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारांकडचे तलाव सरकारजमा झाले. गावाचे निस्ताराचे, म्हणजे तलावाचे पाणी वापरण्याचे, हक्क कागदावर राहिले. डागडुजी मात्र सरकारी खात्याकडे गेली, आणि बहुतेक लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेच्या पदरात पडले. मालगुजाराच्या राज्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, ते राज्य गोरगरिबांचे नव्हतेच. पण पाळीवर दरवर्षी माती टाकणारे, सांडव्यातला कचरा काढणारे हात थांबले ते थांबलेच. गाळ भरत गेला. तलाव बिघडला हे सर्वांना दिसले. पण बिघाड फक्त खोलीत मोजला गेला, आणि इथेच खरी चूक झाली असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

निरोगी मामा तलाव म्हणजे उथळ बशी. पाळीकडे तो खोल असतो आणि वरच्या अंगाला जमिनीत हळूहळू विरून जातो. या उतारावर वनस्पतींचे तीन पट्टे असतात. काठाच्या चिखलात देवधान म्हणजे जंगली भात, लव्हाळे, एलिओकॅरिस गटातली कंदाची गवते. त्याच्या आत मूळ तळात आणि पान पाण्यावर अशी कमळे, कुमुदे, निम्फॉइडिस. त्याही आत पूर्ण बुडालेल्या वनस्पती : हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. व्हॅलिस्नेरियाची रिबिनीसारखी पाने पाहून कुणी तिला गवत म्हणून सोडून देईल, पण तिचे फुलणे पाहण्यासारखे आहे. नर फुले मोहरीहूनही लहान. ती तळापासून सुटतात, बुडबुड्यांसारखी वर येतात आणि वाऱ्याने ढकलत मादीफुलापाशी पोचतात. मादीफूल लांबलचक देठावर पाण्याला टेकून वाट पाहत असते. परागण झाले की तो देठ वेटोळी घेत आखडतो आणि फळाला पुन्हा तळाशी ओढून नेतो. हे सगळे हातभर पाण्यात चालते, आणि पाणी स्वच्छ असेल तरच दिसते.

या पट्ट्यांवर तलावाचे बाकीचे जीवन उभे असते. पानांच्या अंगाला शेवाळाचा पातळ थर धरतो, त्यावर किडे, गोगलगायी, कोळंबी, त्यांच्यावर मासे. मासे अंडी वनस्पतींना चिकटवतात, पिल्ले तिच्यात लपतात. मरळ काठाच्या गवतात जागा साफ करून अंडी घालते, आणि पिल्लांचा तांबूस-नारिंगी पुंजका पोहत असताना आईबाप खालून पहारा देतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो. अडई, काणूक, जांभळी पाणकोंबडी यांना आडोसा लागतो, हिवाळी पाहुण्या बदकांना कंद आणि बिया. सारस क्रौंच महाराष्ट्रात आज जवळजवळ केवळ गोंदिया-भंडारा भागातच उरला आहे. तोही या काठच्या कंदांवर आणि धानाच्या बांध्यांवर जगतो. नवेगावबांधला वनाधिकारी असताना मारुती चितमपल्ली यांनी या तलावांच्या पाखरांवर जे लिहिले, त्यामागेही इथल्या ढिवरांनी आणि गावकऱ्यांनी दिलेली माहिती मोठी आहे.

ही बाग उजाड झाली ती तीन बाजूंनी. पहिली बाजू बेशरमची. मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेतली ही झुडपी वनस्पती कुंपणाला आणि बांधांना म्हणून पसरली, आणि तुटलेल्या कांडीलाही मुळ्या फुटत असल्याने पाण्याबरोबर तलावातलावांत गेली. गुरे तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. काठाचा उथळ पट्टा तिने बळकावला की देवधान आणि लव्हाळे जागेवरून उठतात. चमत्कार असा की पाण्यात वाढणारी, खेड्यापाड्यांत खाल्ली जाणारी नाळीची भाजी हिच्याच प्रजातीतली सख्खी बहीण आहे.

दुसरी बाजू माशांची, आणि ती अधिक दुःखाची, कारण ती विकासाच्या नावाने आली. कतला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) असे सहा मासे एकत्र वाढवण्याचे तंत्र सरकारने गावोगाव नेले. गवत्या म्हणजे ग्रास कार्प; हा मासा १९५९ साली भारतात आणला गेला, आणि त्याचे अन्नच पाणवनस्पती. सायप्रिनस अन्न शोधत तळ उकरतो, मुळे सैल होतात, पाणी गढूळ होते, उजेड खाली पोचत नाही. शिवाय कतला-रोहूसारखे मोठे कार्प वाहत्या पाण्यावाचून प्रजनन करत नाहीत. त्यामुळे ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीला दरवर्षी बीज विकत आणावे लागते. मरळ, मांगूर, शिंगी हे मासे तलावातच वाढतात, त्यांचे बीज विकत घ्यावे लागत नाही आणि बाजारात त्यांना भाव चांगला. फुकटचे उत्पन्न घालवून विकतचे घेतले, असा हा हिशेब आहे.

तिसरी बाजू दुरुस्तीची. गाळ काढायला यंत्र उतरते आणि बशीची घागर करून जाते : कडा उभ्या, तळ सपाट. गाळ शेतात पडतो, शेतकऱ्याला फायदा होतो, पाण्याचा साठा वाढल्याची नोंदही होते. पण वरच्या थरातच पाणवनस्पतींचे बी, कंद आणि गाठी असतात. तो थर गेला आणि उथळ पट्टाही गेला, तर पुढच्या पावसात तलाव भरतो खरा, पण त्यात काहीच उगवत नाही.

या दुखण्यावरचा उपाय ढिवरांच्या ज्ञानातून निघाला. ढिवर हा मासेमारी करणारा, महाराष्ट्रात भटक्या जमातींत नोंदलेला समाज. बहुतेकांकडे शेती नाही, तलावच त्यांचे शेत. निसर्गाभ्यासक मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी कोणत्या तलावात कोणती वनस्पती होती, कोणता मासा तिच्यावर अंडी घालतो, कोणता पक्षी ती खातो, हे ढिवर जाणकारांबरोबर बसून नोंदले. अर्जुनी मोरगाव भागातील पतिराम तुमसरे हे त्या जाणकारांपैकी एक. मासे कमी का झाले, या प्रश्नाचे ‘पाण्यातले गवत गेले म्हणून’ हे उत्तर जाळे टाकणाऱ्या माणसांकडे आधीपासूनच होते. कुणी विचारले नव्हते इतकेच.

कामाची पद्धत शेतीच्याच वळणाची आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट खणून काढतात आणि काठापासून दूर नेऊन वाळवतात. कांडी राहिली तर मेहनत फुकट, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे पुन्हा फिरून निंदण करावे लागते. घट्ट झालेला तळ नांगरून मोकळा करतात. पाऊस लागून पाणी चढू लागले की शेजारच्या, अजून जिवंत असलेल्या तलावातून रोपे मुळांसकट आणतात. मग बाया ओळीने चिखलात उतरतात आणि धानाचे पऱ्हे रोवावेत तशी मूठ सोडवत एकेक रोप अंगठ्याने दाबून बसवतात. बोटांना ती हालचाल पाठ असते, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधीत रोवणे केलेले असते. फरक इतकाच, की इथले पीक त्यांच्या स्वतःच्या सोसायटीचे असते. कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची हे महत्त्वाचे. बुडालेल्या पट्ट्यातली काठावर लावली तर डिसेंबरातच वाळते. त्यानंतर राखण : त्या तलावात गवत्या आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत, पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालण्याच्या दिवसांत मासेमारी आवरायची आणि बारीक आसाचे जाळे टाकायचे नाही.

ढिवरांच्या सहकारी संस्थांत निर्णय पुरुषांचे असत. मासे डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्या बाया सभासद नसत. लागवडीच्या आणि नोंदीच्या कामातून त्या बैठकीत आल्या. तलावाखेरीज घरची परसबाग, शिंगाडा, ग्रामसभेतला हक्क असे विषय त्यांनीच पुढे आणले. या कामाचे सर्वांत टिकाऊ फळ हेच असावे, कारण रोपे एका वाईट वर्षात मरू शकतात.

वाईट वर्षे वाढत आहेत. पाऊस उशिरा येतो, मध्ये मोठा खंड घेतो आणि दोन दिवसांत महिन्याचा कोटा ओततो. अशा हवामानात तलावांची माळ दोन्ही कामे करते : धो धो पावसाचे पाणी वरच्यावर अडवते आणि खंडात धानाला एक-दोन पाळ्या देते. काठाच्या मुळ्या येणारी माती धरून ठेवतात, लाटा पाळीवर आपटू देत नाहीत. मरळ, मांगूर, शिंगी यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या डोहातही ते तग धरतात. अशा डोहात रोहू-कतला आधी मरतात. हवामानबदलाला तोंड देणारे मासे कुठून आणायचे, या प्रश्नाचे भंडाऱ्यातले उत्तर त्याच तळात आहे.

पाण्यावर हिरवे दिसले की कुणी ‘तलाव स्वच्छ करा’ म्हणते आणि सगळे उपटले जाते. जलपर्णी आणि बेशरम काढाव्यात. हायड्रिला आणि कुमुद काढू नयेत. मात्र देशी वनस्पतीही मोकाट सुटू शकते. कमळाने सगळे पाणी झाकले तर खालच्यांना उजेड मिळत नाही, म्हणून बागेसारखी छाटणी इथेही लागते.

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. गोड्या पाण्यातील जैवविविधता हा त्यातील एक विषय आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. भंडारा, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, तुमसर या सातही तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी आपल्या तलावातली प्रत्येक वनस्पती आणि प्रत्येक मासा ढिवरांच्या बोलीतल्या नावानिशी त्या वहीत लिहून घ्यावा, आणि तलावात यंत्र उतरण्याआधी ती वही ग्रामसभेत वाचावी.