कळलावी

शहाद्याहून धडगावकडे निघाले, की सातपुड्याच्या चढणीवर पावसाळ्यात झुडुपांतून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले डोकावतात. ती कळलावी. भांडणे लावणाऱ्या माणसालाही आपण हेच नाव देतो. पण मला वाटते, या वेलीच्या कळा बाळंतपणाच्याच! भावमिश्रानेही तिला ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भ ढकलणारी, म्हटले आहे.

अडलेल्या बाईला हिच्या कंदासह काही औषधांचे चूर्ण हुंगवावे, असे चरकसंहितेत आहे. वार अडली तर मुळाचा लेप तळहातातळपायांना लावावा, असे सुश्रुत सांगतो. पोटात घ्यायला चरक या जागी सांगत नाही; सुश्रुत मात्र मुळाचा कल्क पाजायलाही सांगतो, आणि ते धोक्याचेच. या कंदातले कोल्चिसिन जीवघेणे विष आहे.

चरकातला एक वाद मला फार आवडतो. कळा येऊनही सुटका होईना, तर बाईने उठून मुसळ घ्यावे, उखळातले धान्य कांडावे, मधूनमधून चालावे, असे काही जण सांगत. आत्रेय म्हणाले, छे! या नाजूक घटकेला मुसळाचे श्रम प्राणावर बेततील. जांभया द्याव्यात, चालावे, एवढेच त्यांनी राखले.

कळांमागचे द्रव्य हाती यायला विसावे शतक उजाडले. १९०६ साली हेन्री डेल यांना पोषग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावताना दिसले. १९५३ साली द्यु विन्यो यांनी ते ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडविले. आज त्याची सलाइन लावतात. आणि कळा सुरू झालेल्या बाईला, सारे ठीक असेल तर, डॉक्टर अजूनही चालायला सांगतात.