अश्वशक्ती आणि शंकरपट

परवा पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, जुनी स्पोर्ट्स कार बघतोय. इंजिनात बदल केलेत, मालक ३०० अश्वशक्ती सांगतो." पोराची सगळी बचत त्यात जाणार!

म्हटलं, बाबा, हे माप मुळात विक्रेत्याचंच. अठराव्या शतकात जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिनं खपावीत म्हणून त्यांची घोड्याशी तुलना केली. अमेरिकेत पूर्वी इंजिन सुटं ठेवून शक्ती मोजत. १९७२ पासून सायलेन्सर वगैरे जोडून मोजू लागले. कॅडिलॅक एल्डोराडोचा आकडा ३६५ वरून २३५ वर आला. इंजिन तेच!

आमच्या भंडाऱ्याकडे शंकरपटात बैलजोडीची पारख मालकाच्या बोलण्यावर नाही, घड्याळावर होते. तूही गाडी रोलरवर चढव, चाकांशी किती शक्ती पोचते ते स्वतःसमोर मोजून घे. मगच पैसे मोज.