वासरे, करडे व कोकरे : ऊन-थंडीच्या ताणाचे मापन

जन्मल्यापासून दूध तुटेपर्यंतच्या जनावराला शरीराचे तापमान ठिकाणावर ठेवण्यासाठी किती झगडावे लागते, हे हवेवरून आणि खुद्द जनावरावरून अजमावण्याच्या पद्धती. येथील विवेचन मोडनिंब (ता. माढा, जि. सोलापूर) परिसर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. गोठ्यात खिलार, पंढरपुरी म्हैस, संकरित गाई आणि दारात उस्मानाबादी शेळी, असा येथला पशुधनाचा साधारण संसार. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे अंगावर घोंगडी लागते आणि दुपारी पत्र्याखाली उभे राहवत नाही. एकच करडू एकाच दिवसात दोन्ही टोके सोसते, म्हणून दिवसातून एकदा घेतलेली नोंद येथे फारशी उपयोगाची नाही.

लहान जनावराची अडचण मोठ्यापेक्षा वेगळी असते. वजनाच्या मानाने त्याचे कातडे जास्त, त्यामुळे ते लवकर तापते व लवकर निवते. मोठ्या जनावराच्या पोटात वैरण आंबताना ऊब तयार होते. दूधपित्या वासराचे मोठे पोट अजून चालू झालेले नसते. जन्मतःच अंगात असलेली तपकिरी चरबी जाळून वासरू-कोकरू पहिले काही तास तग धरते. पुढची भिस्त चिकावर. चीक घरातल्या खरवसासाठी आधी काढायचा की वासराला आधी पाजायचा, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर एकच आहे. पहिल्या तीन आठवड्यांतल्या वासराला साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस हवा मानवते. त्याची आई शून्याखालीही निभावून नेते. थंड हवेच्या देशांत वासरे जपण्याचा जो खटाटोप चालतो तो १५ अंशांच्या खालचा आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत मोडनिंबची पहाटही तिथवर उतरते.

उन्हाळ्यासाठी सर्वांत रूढ माप म्हणजे तापमान-आर्द्रता निर्देशांक. त्याचे मूळ अमेरिकन हवामान खात्यातील थॉम यांनी १९५९ मध्ये माणसांच्या अस्वस्थतेसाठी मांडलेल्या सूत्रात आहे. गाईंवर ते नंतर बसवले गेले. कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या तापमापकांवरील अंशांची बेरीज करायची, तिला ०.७२ ने गुणायचे आणि ४०.६ मिळवायचे. दुभत्या गाईसाठी ७२ ही धोक्याची पहिली पायरी मानतात, जास्त दूध देणाऱ्या गाईसाठी ६८. मे महिन्यातल्या दुपारी कोरडा फुगा ४२ आणि ओला २५ दाखवत असेल, तर निर्देशांक ८८.८ येतो. जानेवारीच्या पहाटे १२ आणि ९ असतील, तर ५५.७. तक्ता पाहणारा दुसऱ्या आकड्यावर निर्धास्त होईल, कारण या मापाला खालची हद्दच नाही. नुकते व्यालेले, अंग न वाळलेले वासरू त्याच वेळी कुडकुडत असते.

मेंढ्यांसाठी इजिप्तमधील मराई व सहकाऱ्यांनी २००७ च्या आढाव्यात वेगळे सूत्र वापरले. त्यात २२.२ च्या खाली ताण नाही आणि २५.६ च्या वर अतितीव्र ताण, अशी विभागणी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या जानेवारीच्या दुपारचे ३० अंश आणि ३५ टक्के आर्द्रता त्यात घातली तर उत्तर सुमारे २६.९ येते, म्हणजे ऐन थंडीतली दुपारही अतितीव्र! दख्खनी किंवा माडग्याळ मेंढरू त्या हवेत मजेत चरत असते. परक्या सूत्राचा आकडा जातीचा विचार न करता लावला की असे होते. सूत्र टाकाऊ नाही. येथे त्याच्या पायऱ्या नव्याने बसवाव्या लागतील, एवढेच.

थंडीच्या मापाची गोष्ट अधिक रंजक आहे. ऑस्ट्रेलियात मेंढपाळांना इशारा देण्यासाठी नवजात कोकरांचा गारठा-निर्देशांक वापरतात. त्यात दिवसाचे सरासरी तापमान, वाऱ्याचा वेग आणि पाऊस या तिन्ही गोष्टी येतात. दर चौरस मीटरमागे तासाला हजार किलोज्यूलच्या वर उष्णता जाऊ लागली की कोकरांची मरतूक वाढते. जानेवारीतला कोरडा दिवस, सरासरी २१ अंश आणि सेकंदाला एक मीटर वारा धरला, तर हिशेब ७६२ वर थांबतो. अगदी पहाटेचे १२ अंश घेतले तरी ८९५. आता सप्टेंबर घ्या. सोलापूरकडे पावसाचा मोठा वाटा याच महिन्यात पडतो. सरासरी २२ अंश, सेकंदाला चार मीटर वारा आणि दिवसभरात २० मिलिमीटर पाऊस : उत्तर १०३३. हे सूत्र मेरिनो कोकरांवरचे असले, तरी त्यातून निघणारा अर्थ येथल्या मेंढपाळाच्या अनुभवाशी जुळतो. वाघरीत रात्रभर भिजलेले कोकरू सकाळी उठत नाही, तेव्हा तापमापकात थंडी दिसतही नसते. या भागात पिलांना गारठा मारतो तो मुख्यतः पावसाळ्यात. हिवाळ्याची तयारी करून पावसाळा मोकळा सोडणे हा उलटा कारभार आहे.

हवेचे माप कुठे घेतले यालाही महत्त्व आहे. हवामान केंद्रातला तापमापक सावलीतल्या जाळीदार पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीला असतो. करडाचे नाक जमिनीपासून वीतभर. तापलेल्या पत्र्यातून येणारी झळ तर साध्या तापमापकाला कळतच नाही. त्यासाठी काळा रंग दिलेला तांब्याचा पोकळ गोळा आणि त्यात तापमापक असे साधन असते. पत्र्यावर पाचट टाकण्याआधी आणि नंतर याच गोळ्याची नोंद घेतली, की कुठल्या उपायाने खरोखर फरक पडला ते दिसते. डालग्याखाली झाकलेल्या करडांसाठी मापन डालग्याच्या आतच व्हायला हवे.

तरीही अखेरचा निवाडा जनावराचाच. साधा डिजिटल तापमापक गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून धरायचा. शेणात रुतला तर आकडा फसवा येतो. वासराचे तापमान साधारण ३८.५ ते ३९.५, कोकराचे व करडाचे ३९ ते ४० अंश. दुपारी ते अर्ध्या-पाऊण अंशाने चढते, म्हणून सकाळच्या आकड्याशी ताडून पाहावे. बंदुकीसारखे दुरून रोखायचे अवरक्त यंत्र केसांचे तापमान दाखवते. उस्मानाबादी करडे बहुतांशी काळी असतात. उन्हातून आत आलेल्या काळ्या करडाच्या पाठीवर ते यंत्र रोखले तर ताप आल्याचा भास होईल.

श्वास मोजायला काहीच विकत घ्यावे लागत नाही. जनावर बसलेले असताना, त्याला न उठवता, कुशीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. रवंथ करणाऱ्या जनावरांत मिनिटाला ४० ते ६० श्वास म्हणजे थोडा ताण, ६० ते ८० मध्यम आणि ८० ते १२० जास्त, अशी संशोधक सिलानिकोव्ह यांची २००० सालची ढोबळ विभागणी आहे. पिलांचा मूळ वेगच जास्त असल्याने खालची पायरी त्यांना जशीच्या तशी लावू नये. तोंड उघडे, लाळ आणि पुढे ताणलेली मान दिसली तर मोजत बसू नये, आधी सावली-पाणी करावे. रेडकाच्या बाबतीत हे लवकर घडते, कारण त्याची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार कमी.

थंडीत बसण्याची तऱ्हा पाहतात. अंथरुणात बसलेल्या वासराचे पाय पूर्ण दिसले तर एक गुण, अर्धे दिसले तर दोन, अजिबात दिसले नाहीत तर तीन. उसाचे वाळलेले पाचट माढा तालुक्यात मुबलक असल्याने तीन गुण मिळवणे अवघड नाही. मात्र पाचट ओले झाले की त्याचा उपयोग संपतो.

करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहण्याची जुनी रीतही भरवशाची आहे. तोंड गार लागले तर लगेच तापमापक लावावा. ३७ ते ३९ अंश असेल तर पुसून कोरडे करणे, चीक पाजणे आणि गोणपाटात गुंडाळणे सहसा पुरते. ३७ च्या खाली आणि पाच तासांहून मोठे असेल, तर क्रम उलटतो. तपकिरी चरबी संपलेली असते. अशा वेळी आधी शेकले तर रक्तातली उरलीसुरली साखर झपाट्याने जळून झटके येतात. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये कोकरांवर झालेल्या कामातून हे स्पष्ट झाले. तेव्हापासून पशुवैद्यक आधी पोटाच्या पोकळीत २० टक्के कोमट ग्लुकोज देतात, किलोमागे १० मिलिलिटर. दोन किलोच्या करडाला २०. शेकोटीजवळ न्यायचे ते त्यानंतर, आणि तापमान पुन्हा अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहायचे.