मेटल संगीतातला ‘दशावतार’ आणि श्रोत्यांची मतमतांतरे

मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे विष्णूचे दहा अवतार मराठी श्रोत्याला कीर्तनांतून आणि सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकांतून परिचित आहेत. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडने २०१७ साली हेच अवतार मेटल संगीतात मांडले. ‘दशावतार’ या अल्बममध्ये प्रत्येक अवतारावर एक अशी दहा गाणी असून त्यांचे काव्य प्रामुख्याने इंग्रजी आहे. साहिल मखिजा यांनी २००० साली स्थापन केलेल्या या बँडचा हा पाचवा अल्बम. तो नेमका कोणत्या परंपरेतला, याविषयी मात्र श्रोत्यांत एकमत होणे कठीण.

‘ब्लॅक मेटल’ हे नाव इंग्लंडच्या ‘व्हेनम’ या बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून रूढ झाले. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी नॉर्वेतील तरुण वादकांनी त्याला वेगळे रूप दिले. गिटारचा अखंड वेगवान झंकार, ड्रम्सचा भडिमार, किंकाळीसारखा आवाज आणि हेतुतः ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण ही त्याची ओळख ठरली. त्याच सुमारास ‘स्कायक्लॅड’सारख्या बँडने लोकधुनांची जोड देऊन ‘फोक मेटल’ची वाट मोकळी केली.

या मोजपट्टीवर ‘दशावतार’ तपासणाऱ्या कर्मठ श्रोत्याला तो पुरेसा ‘ब्लॅक’ वाटत नाही. मखिजा घोगऱ्या गर्जनेबरोबर स्वच्छ, सुरेल आवाजही वापरतात. ध्वनिमुद्रण नेटके आहे. ज्यांना मेटलमध्ये खरखरीतपणाच हवा, त्यांना हा गोडवा खटकतो. उलट, कथेला चढउतार हवेत आणि केवळ गर्जनेने ते साधत नाहीत, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. नृसिंह आणि बुद्ध यांना एकच आवाज कसा शोभेल, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे.

दुसरा वाद भारतीय वाद्यांचा. सतार, तबला यांच्या वापरामुळे अल्बमला स्वतःची ओळख लाभली, असे अनेकांना वाटते. पण हे ‘लोकसंगीत’ म्हणावे काय? सतार आणि तबला ही मुख्यतः शास्त्रीय मैफलीतली वाद्ये. बीड जिल्ह्यातील धारूर-अंबाजोगाई परिसरात देवीच्या गोंधळात घुमते ते संबळ आणि तुणतुणे. मेटलमधील ड्रम्सच्या आवेशाशी संबळाचे नाते तबल्यापेक्षा जवळचे आहे. परदेशी श्रोत्याला सतारीचा एक स्वरही ‘भारत’ म्हणून पुरतो; इथल्या श्रोत्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. म्हणूनच ही वाद्ये गाण्याच्या घडणीत मुरली आहेत की केवळ प्रवेशद्वारावरचे तोरण ठरली आहेत, यावर मते दुभंगतात.

महाराष्ट्रात सर्वांत नाजूक ठरू शकते ते नववे गाणे. अल्बममध्ये नववा अवतार बुद्ध आहे. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तही तोच क्रम आढळतो, महाराष्ट्रातील काही जुन्या चित्रांत व पंचांगांत मात्र त्या जागी विठ्ठल दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते. ज्या राज्यात लाखो कुटुंबांनी ही प्रतिज्ञा स्वीकारली, तिथे या क्रमाकडे निव्वळ कथानकाची सोय म्हणून पाहता येत नाही.

नॉर्वेतील बँड आपल्या प्राचीन दैवतांची गाणी गातात, तेव्हा ती दैवते बहुतांशी इतिहासजमा झालेली असतात. ‘दशावतार’मधली दैवते आजही घरोघरी पूजेत आहेत आणि त्यांच्याविषयीचे वादही जिवंत आहेत. या अल्बमवरील मतभेद गिटारपुरते मर्यादित राहत नाहीत, याचे कारण हेच आहे.