आंबेडकर : एका दुर्मिळ आडनावाचा उगम आणि विस्तार

हिंदमाताच्या चौकातून जाणाऱ्या रस्त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. भायखळ्याहून निघून लालबाग, परळ, हिंदमाता, दादर असा तो माटुंगा-सायनकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव बसच्या पाटीवर, दुकानांच्या फलकांवर आणि आजोबांच्या रेशनकार्डावर लहानपणापासून वाचले आहे. पण याच रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या चाळींत शिरून दारांवरची नावे वाचा. कांबळे, जाधव, गायकवाड, मोरे, पवार, तांबे, सकपाळ, कदम अशी आडनावे सापडतील. आंबेडकर हे आडनाव मात्र शोधूनही क्वचितच सापडेल. देशातल्या कितीतरी वस्त्यांना, रस्त्यांना आणि शाळांना जे नाव आहे, ते आडनाव म्हणून लावणारी घरे अगदी मोजकी आहेत.

दरवर्षी एप्रिल आणि डिसेंबर जवळ आला की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो : बाबासाहेबांना आंबेडकर हे आडनाव एका ब्राह्मण शिक्षकाने दिले. काहीजण तो कौतुकाने पाठवतात, काहीजण टोमणा म्हणून. त्यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते चिडून लिहितात, की असा शिक्षक नव्हताच, ही सगळी बनावट कथा आहे. दोन्ही बाजू अर्ध्या माहितीवर भांडतात. म्हणून या आडनावाबद्दल जे ठामपणे सांगता येते ते आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत. शेवटी आपल्या स्वतःच्या आडनावांबद्दलही थोडे लिहिले आहे, कारण या विषयाचे खरे काम तिथेच आहे.

आडनावाच्या आधीची नावे

आज आडनावाशिवाय कागद पुढे सरकत नाही. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी गावातल्या महाराला आडनावाची गरजच पडू दिली जात नव्हती. गावच्या दप्तरात त्याची नोंद त्याचे नाव आणि पुढे जात अशी होई. त्या काळच्या अनेक महार पुरुषांच्या नावाच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय दिसतो. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत, त्यांतली वीसहून अधिक नावे 'नाक' या अक्षरांनी संपतात. त्यावरूनच तिथल्या महार सैनिकांची ओळख पटते.

घरात आणि भाऊबंदकीत कुळाचे नाव असायचेच. सकपाळ, मोरे, जाधव, पवार, कदम ही कुळनावे महारांतही होती आणि मराठ्यांतही. आजही मंडणगड, महाड, पोलादपूर, खेड या पट्ट्यात सकपाळ हे आडनाव बौद्धांत आणि मराठ्यांत दोन्हीकडे मिळते. त्यामुळे नुसत्या आडनावावरून माणसाची जात ओळखण्याचा जो उद्योग चालतो, तो कोकणात पहिल्याच घरात फसतो.

सैन्यात भरती झालेल्या, शाळेत पाऊल टाकलेल्या, मुंबईला येऊन गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत लागलेल्या पिढीला कागदावर काहीतरी आडनाव लिहावे लागले. तेव्हा दोन वाटा होत्या. एक कुळनाव लिहिणे, दुसरी गावाच्या नावाला 'कर' जोडणे. कोकणात दुसरी वाट सर्वच जातींनी पूर्वीपासून वापरली होती. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे त्याचे आपल्या चळवळीतले सर्वांत जुने उदाहरण.

सकपाळ ते आंबडवेकर

बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जुन्या चरित्रांत या गावाचे नाव आंबावडे किंवा अंबावडे असेही छापलेले आढळते. नवख्या वाचकाचा येथे गोंधळ होतो, कारण आंबवडे नावाची गावे पुणे आणि सातारा जिल्ह्यांतही आहेत. बाबासाहेबांच्या पूर्वजांचे गाव म्हणजे मंडणगडचे आंबडवे. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी भेट दिली ती याच गावाला. तिथले भाऊबंद आजही सकपाळच आहेत.

रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. कागदावर काय लिहिले जाते आणि त्याने पुढे काय होते, याची जाण असलेला हा माणूस. मुलांना शाळेत घालताना गावाच्या नावावरून आंबडवेकर हे आडनाव पुढे आले. सकपाळ हे कुळ सोडले असा याचा अर्थ नाही. घरात कूळ आणि बाहेर गाव, अशी दोन नावे एकाच घराने बाळगणे तेव्हा नित्याचे होते.

याच परिवारात याची आणखी उदाहरणे सापडतात. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई यांचे माहेर मुरबाडकर, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडवरून आलेले नाव. रमाईंचे माहेर दापोली तालुक्यातले वणंद. त्यांच्या वडिलांचे आडनाव धुत्रे आणि वलंगकर असे दोन्ही प्रकारे सांगितले जाते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर रमाई भावंडांसह मुंबईला आल्या त्या वलंगकर काका आणि गोविंदपुरकर मामांबरोबर. एका लग्नाच्या दोन्ही बाजूंना इतकी 'कर' नावे असणे हा योगायोग नव्हे. सैन्य, शाळा आणि मुंबई या तीन दारांतून बाहेर पडलेल्या पिढीची ती खूण आहे.

साताऱ्याचे रजिस्टर आणि आंबेडकर मास्तर

आंबडवेकरचे आंबेडकर कसे झाले, याबद्दल दोन प्रकारचे पुरावे आहेत.

पहिला पुरावा कागदाचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्र शासन २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते तो याच नोंदीमुळे.

दुसरा पुरावा आठवणीचा. साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते, त्यांचा आपल्यावर जीव होता, ते मधल्या सुट्टीत आपल्याला भाजी-भाकरी देत आणि आंबडवेकर हे नाव उच्चाराला अवघड म्हणून त्यांनीच आपले आडनाव लावायला सांगितले, ही आठवण खुद्द बाबासाहेबांची आहे. चरित्रकारांनीही ती नोंदवली आहे. गोलमेज परिषदेला निघताना याच मास्तरांचे पत्र आले आणि ते आपण जपून ठेवले, असेही बाबासाहेबांनी सांगितले आहे.

हे दोन्ही पुरावे एकमेकांना खोडत नाहीत. हायस्कुलातल्या प्रवेशाच्या वेळीच आंबेडकर हे रूप लिहिले गेले होते एवढे रजिस्टर सांगते. म्हणजे बदल झाला तो त्या दिवशी किंवा त्याच्या आधी. बदल कुणाच्या सुचवण्यावरून झाला, हे रजिस्टर सांगत नाही. ते आठवण सांगते. 'असा शिक्षक नव्हताच' म्हणणाऱ्याला बाबासाहेबांचीच आठवण खोटी ठरवावी लागेल. आम्ही ते करणार नाही.

पण 'ब्राह्मणाने आडनाव दिले' या वाक्यात जे गाळले जाते तेही तितकेच महत्त्वाचे. नाव कोऱ्या पाटीवर लिहिले गेले नाही. आंबडवेकर हे गावावरून आलेले आडनाव आधीच होते आणि बदल झाला तो दोन-तीन अक्षरांचा. शिवाय भाकरी देणारे मास्तर ज्या साताऱ्यात होते, त्याच साताऱ्यात भिवाला वर्गात बाजूला, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागत होते आणि पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागत होती. माया करणारा एक माणूस आणि विटाळ पाळणारी व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बाबासाहेबांनी दोन्ही सांगितल्या. आपण एकच का सांगावी?

ब्राह्मण आंबेडकर कुठले?

मास्तरांचे आडनावही गावावरूनच आलेल्या नावांच्या जातीचे. ते देवरुखे ब्राह्मण असल्याचे सांगितले जाते. देवरुख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण, आणि त्याच तालुक्यात आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द अशी दोन गावे आहेत. आंबेडला 'कर' जोडला की आंबेडकर. व्याकरणाने पाहिले तर या आडनावाची सरळ फोड हीच आहे. आंबडवेचा माणूस नियमाने आंबडवेकर होतो, आंबेडचा आंबेडकर.

म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या दोन वेगळ्या तालुक्यांतल्या गावांची नावे साताऱ्याच्या एका शाळेत शेजारी आली आणि एकाचे रूप दुसऱ्याला लागले. आंबा हे झाड कोकणात सगळीकडे असल्याने आंबेड, आंबडवे, आंबवली, आंबेत, आंबेरे अशी गावेही सगळीकडे आहेत. एका अक्षराच्या फरकाने आडनावे वेगळी होतात. म्हणून आंबेकर, आंबवलेकर, आंबेरकर या नावांच्या माणसांना बाबासाहेबांचे नातेवाईक समजण्याची चूक करू नये.

परळ, दादर आणि आडनावाचे घर

साताऱ्याहून रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीत. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. हिंदमाताच्या चौकातून ही सगळी ठिकाणे पायी गाठता येतात. साताऱ्याच्या रजिस्टरात लिहिलेले आडनाव जगाला माहीत झाले ते या दीड-दोन मैलांच्या परिसरातून.

आजचा भौगोलिक विस्तार

आडनाव म्हणून आंबेडकर आज मुख्यतः दोन प्रवाहांत आढळते. एक रामजी सुभेदारांच्या वंशजांचा. बाबासाहेब आणि रमाईंच्या मुलांपैकी यशवंत, म्हणजे भय्यासाहेब (१९१२-१९७७), एकटेच मोठे झाले. त्यांची शाखा आणि बाबासाहेबांचे बंधू आनंदराव यांची शाखा हे आडनाव लावतात. १५ एप्रिल १९४८ च्या विवाहानंतर डॉ. शारदा कबीर या सविता आंबेडकर झाल्या. दुसरा प्रवाह कोकणातून निघालेल्या, या घराण्याशी नाते नसलेल्या कुटुंबांचा. दोन्ही मिळूनही हे आडनाव दुर्मिळच राहते.

याउलट ठिकाणाचे नाव म्हणून त्याचा विस्तार अफाट आहे. उत्तर प्रदेशात १९९५ पासून आंबेडकर नगर जिल्हा आहे. बाबासाहेबांचे जन्मस्थान महू २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. आंध्र प्रदेशातल्या कोनसीमा जिल्ह्याला २०२२ मध्ये हे नाव दिले गेले तेव्हा अमलापुरमला विरोधकांनी जाळपोळ केली. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत आपल्या माणसांनी घरे आणि जीव गमावले. युरोपात हंगेरीच्या सायोकाझा गावी रोमा समाजातल्या बौद्धांनी आपल्या शाळेला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले.

दक्षिणेत आणखी एक गोष्ट घडली. तमिळ आणि तेलुगू भाषिक घरांत 'कर' लावून आडनाव करण्याची रीत नाही. तिथे आंबेडकर हे मुलाचे पहिले नाव म्हणून ठेवले जाते. मंडणगडच्या एका गावाची खूण असलेला शब्द तिथे कुठल्याही गावाचा राहिलेला नाही.

आपल्या घरातले रजिस्टर

आम्ही हे लिहिले ते एका आडनावाची थोरवी गाण्यासाठी नाही. साताऱ्याच्या शाळेने एक जुने रजिस्टर जपले, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर आपल्याला अफवेला उत्तर देता येते. आपल्या घरांचे तसे रजिस्टर कुणी जपले आहे का?

परळ-लालबागच्या अनेक घरांत आजोबांच्या दाखल्यावर कूळ, वडिलांच्या दाखल्यावर गावावरून आलेले नाव आणि आपल्यावर तिसरेच काही असते. जात पडताळणीच्या वेळी हा फरक आडवा येतो, कारण अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण कागदाची साखळी जोडण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

म्हणून तरुणांनी एवढे तरी करावे. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला, विशेषतः आजीला, सासरचे आणि माहेरचे कूळ, गाव आणि वाडी विचारून लिहून ठेवावी. गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमधला जुना उतारा मिळवावा. तहसील कार्यालयातल्या गाव नमुना क्रमांक १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, त्यांची नक्कल मागावी. महार वतनाची जमीन असल्यास तिचे जुने फेरफार काढावेत. आडनाव कुठे आणि केव्हा बदलले ते वंशावळीत तारखेसह लिहावे. आडनाव बदलायचे असेल तर खुशाल बदला, पण मागची नोंद टाकून देऊ नका.

दाखल्यावरचे आडनाव आज शोधले तर ते सांगणारी आजी अजून भेटेल. पुढच्या एप्रिलपर्यंत थांबू नका.